सर मॉर्टिमर व्हीलर : स्मरण व मूल्यमापन

सर मॉर्टिमर व्हीलर यांचें २२ जुलै १९७६ रोजीं इंग्लंडांत निधन झालें. त्या गोष्टीस आतां अर्ध्या शतकाच्या आसपासचा काळ लोटला असून, हिंदुस्थानांत त्यांच्या हाताखालीं ज्यांनीं उत्खननाचे पहिले धडे गिरवले ती पिढीहि बहुतेक अस्तंगत झाली आहे. निधनानंतर तत्काळ लिहिलेल्या लेखांत वियोगाचें दुःख व स्तुति यांस प्राधान्य मिळतें, आणि तें योग्यहि असतें. परंतु कालांतरानें लिहिणारास निराळें कर्तव्य प्राप्त होतें. गेलेल्या माणसाच्या कार्यांतील टिकलें काय, खोटें ठरलें काय, आणि जें टिकलें त्यापासून आपण काय घ्यावें, हें त्यास सांगावें लागतें. प्रस्तुत लेखांत हें कर्तव्य आम्हीं यथाशक्ति केलें आहे.

आमच्या वाचकांस व्हीलर हे हिंदुस्थान सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्याचे १९४४ ते १९४८ या काळांतील मुख्य अधिकारी म्हणून परिचित आहेत. त्यांच्या स्वदेशीयांस मात्र ते प्रथम दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील गृहस्थ म्हणून ठाऊक झाले. झुपकेदार मिशांना पीळ देणारा, डोळ्यांत मिस्किलपणा असलेला, हातांतील खापराकडे पाहून त्याचें कूळ सांगणारा हा वृद्ध सेनानी १९५४ सालीं त्या देशांतील वर्षाचा सर्वांत लोकप्रिय दूरचित्रवाणी-पुरुष म्हणून निवडला गेला. खापरें व हाडें यांविषयीं बोलणाऱ्या पंडितास हा मान मिळावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. संशोधकानें लोकांपुढें यावें कीं आपल्या टिपणांत मग्न राहावें, आणि लोकांपुढें आल्यास त्याच्या संशोधनाचें काय होतें, हा प्रश्न व्हीलर यांच्या चरित्रांत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल.

(१) पूर्ववृत्त

व्हीलर यांचा जन्म १० सप्टेंबर १८९० रोजीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. पहिल्या महायुद्धांत ते तोफखान्यांत अधिकारी होते व पराक्रमाबद्दल त्यांस 'मिलिटरी क्रॉस' हें पदक मिळालें. युद्धांतून ते जिवंत परतले. परंतु त्यांच्या वयाचे, याच विषयाची आवड धरणारे अनेक तरुण परतले नाहींत. आपल्यावर एका संपूर्ण पिढीचें काम येऊन पडलें आहे, ही जाणीव त्यांना आयुष्यभर होती, आणि त्यांच्या कामाच्या झपाट्याचें एक कारण आम्हांस यांतच दिसतें.

वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत कांहीं वर्षें काम करून १९२६ सालीं ते लंडन म्यूझियमचे प्रमुख झाले. व्हेरुलेमियम या रोमन नगराचें उत्खनन १९३० ते १९३३ व डॉर्सेट परगण्यांतील मेडन कॅसल या प्राचीन डोंगरी कोटाचें १९३४ ते १९३७ या काळांत झालें. या सर्व कार्यांत त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांचा वांटा बरोबरीचा होता. उत्खननाची दैनंदिन व्यवस्था, विद्यार्थ्यांचें शिक्षण व नोंदींचा कांटेकोरपणा हीं बव्हंशीं त्यांच्याकडेच असत. १९३६ सालीं त्यांचें अकालीं निधन झालें. लंडन विद्यापीठांत पुराणवस्तुशास्त्राची स्वतंत्र संस्था असावी म्हणून या दांपत्यानें वर्षानुवर्षें खटपट केली होती. ती संस्था १९३७ सालीं उघडली, तेव्हां टेसाबाई हयात नव्हत्या. पतीच्या कीर्तीखालीं झांकल्या गेलेल्या या विदुषीचा उल्लेख केल्यावांचून व्हीलर यांचें स्मरण पुरें होणार नाहीं.

मेडन कॅसल येथें आणखी दोन गोष्टी घडल्या. पहिली ही कीं, लंडनमध्यें शिकत असलेले ह. धी. सांकलिया यांनीं तेथें व्हीलर यांच्या हाताखालीं उत्खननाचा अनुभव घेतला. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत सांकलिया यांनीं जी परंपरा निर्माण केली तिचें एक मूळ असें डॉर्सेटच्या मातींत आहे. दुसरी गोष्ट ही कीं, व्हीलर यांनीं उत्खननाची जागा लोकांस खुली ठेवली. आलेल्या प्रेक्षकांस विद्यार्थी फिरवून माहिती देत, चित्रपत्रें विकत, गोफणीचे दगड व निरुपयोगी खापरांचे तुकडेहि अल्प किंमतीस देत, आणि त्या पैशानें कामास हातभार लागे. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांचेंहि तेथें स्वागत होई. कित्येक विद्वानांस हा बाजार वाटला. व्हीलर यांचें उत्तर साधें होतें : ज्यांच्या पैशानें व ज्यांच्या जमिनींत आपण खणतों, त्यांस आपण काय करतों हें समजण्याचा हक्क आहे.

(२) मातीचें दफ्तर

व्हीलर यांची उत्खननपद्धति आमच्या वाचकांस दफ्तराच्या दृष्टान्तानें चांगली समजेल. जुन्या मराठी पत्रांत पुष्कळदां मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा दिलेला असतो. सालाचा पत्ता नसतो. अशा पत्राचें साल ठरविण्यास दोनच मार्ग असतात. एक, तें कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या संगतींत सांपडलें हें पाहणें. दुसरा, त्यांत उल्लेखिलेला एखादा प्रसंग अन्य साधनांनीं निश्चित झालेला असल्यास त्यावरून अनुमान करणें. कोणी अविचारानें रुमाल सोडून कागद एकत्र कालविले, तर पहिला मार्ग कायमचा बंद होतो. कागद शाबूत राहतो, अक्षर वाचतां येतें, पण त्याची साक्ष अर्ध्यावर येते.

जमिनीचेंहि असेंच आहे. वस्ती होते, मोडते, पुन्हां होते. प्रत्येक वेळीं मातीचा एक थर पडतो. खालचा थर जुना, वरचा नवा, हा सामान्य नियम. परंतु थर सपाट नसतात. कोठें उतार असतो, कोठें मागाहून खड्डा खणलेला असतो, कोठें भिंतीचा पाया खालच्या थरांत घुसलेला असतो. व्हीलर यांच्यापूर्वीं मोहेंजोदारोसारख्या ठिकाणीं वस्तूंची नोंद मुख्यतः एका ठराविक पातळीपासूनच्या खोलीवरून केली गेली होती. सारख्या खोलीवर मिळालेल्या वस्तू समकालीन, असें धरल्यास खड्ड्यांत पडलेली नवी वस्तु जुन्या वस्तूंच्या पंक्तीस जाऊन बसते.

यावर व्हीलर यांनीं जनरल पिट-रिव्हर्स या एकोणिसाव्या शतकांतील संशोधकाचा आदर्श पुढें ठेवून आपली पद्धति सिद्ध केली. खणावयाच्या जागेचे चौकोन आंखावे. दोन चौकोनांमध्यें न खणलेल्या मातीची भिंत उभी ठेवावी. त्या भिंतीच्या उभ्या अंगावर थर स्पष्ट दिसतील इतकी ती साफ करावी. प्रत्येक थरास अंक द्यावा. आणि वस्तु हातीं येतांच ती कोणत्या थरांतील, याची तेथल्या तेथें चिठ्ठी करावी. शेवटीं या उभ्या छेदाचें चित्र काढावें, म्हणजे पुढील अभ्यासकास उत्खनकाचें अनुमान पटलें नाहीं तरी पुरावा तपासतां येईल. खणणें म्हणजे एकच प्रत असलेला ग्रंथ वाचतां वाचतां फाडणें होय. म्हणून वाचलेलें ताबडतोब उतरून ठेविलें पाहिजे व छापलेंहि पाहिजे, हें त्यांचें तत्त्व होतें. तें त्यांनीं स्वतः पाळलें. अरिकमेडूचें उत्खनन १९४५ सालीं झालें, त्याचा अहवाल १९४६ सालीं निघाला; हडप्प्याचें १९४६ सालचें काम १९४७ च्या अंकांत छापलें गेलें. उत्खनन करून अहवालाविना परलोकीं गेलेल्या विद्वानांची संख्या ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या तारखांचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

(३) हिंदुस्थानांतील चार वर्षें

दुसऱ्या महायुद्धांत व्हीलर पुन्हां सैन्यांत गेले. उत्तर आफ्रिकेंतील व इटलींतील सालेर्नो येथील मोहिमांत त्यांनीं भाग घेतला व ब्रिगेडियरच्या पदापर्यंत चढले. लॉर्ड वेव्हेल यांच्या आग्रहावरून त्यांस हिंदुस्थानांतील पुराणवस्तुसंशोधन खात्याचे डायरेक्टर-जनरल नेमण्यांत आलें व १९४४ सालीं ते येथें दाखल झाले.

आल्याबरोबर त्यांनीं तक्षशिलेस उत्खननाची शाळा काढली. खात्यांतील अधिकारी व निरनिराळ्या विद्यापीठांतील तरुण असे सुमारें साठ विद्यार्थी तेथें जमले. पहांटे काम सुरू होई व शिस्त लष्करी असे. रागावणें, टोमणे मारणें, सर्वांदेखत चूक काढणें हें नेहमींचें होतें. पण चौकोनाची कड सरळ कां पाहिजे, हें तेथून गेलेला विद्यार्थी जन्मभर विसरला नाहीं. या काळांत त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्यांत अमलानंद घोष, ब्रजबासी लाल, मधुसूदन नरहर देशपांडे व बालकृष्ण थापर हे होते, आणि १९५३ पासून १९८१ पर्यंत स्वतंत्र हिंदुस्थानच्या या खात्याचें प्रमुखपद क्रमानें याच चौघांकडे राहिलें. गुरूच्या यशाचें याहून मोठें प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं. यांपैकीं देशपांडे हे महाराष्ट्रीय. त्यांच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

व्हीलर यांच्यापुढील मुख्य प्रश्न दक्षिणेच्या कालगणनेचा होता. सिंधुसंस्कृतीचा काळ पश्चिम आशियांत सांपडलेल्या मुद्रांवरून स्थूलमानानें ठरला होता. पण विंध्याच्या दक्षिणेस इतिहासपूर्व काळाची एकहि निश्चित मिती हातीं नव्हती. मद्रासच्या संग्रहालयांतील एका कपाटांत त्यांस रोमन मद्यकुंभाचा एक तुकडा दिसला. तो पॉंडिचेरीजवळील अरिकमेडू येथून आलेला होता. तेथें रोमन वस्तू मिळतात हें फ्रेंच अभ्यासकांनीं आधींच दाखविलें होतें. परंतु त्या वस्तूंचा उपयोग काय करावयाचा, हें व्हीलर यांनीं ओळखिलें. इटलींतील अरेझो येथें तयार होणारीं तांबडीं, तकतकीत, ठसे असलेलीं भांडीं तेथें निघालीं. या भांड्यांचा काळ युरोपांत पक्का ठरलेला होता : इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापूर्वींचा. म्हणजे मिती नसलेल्या पत्रांत एक परिचित प्रसंग सांपडला! त्याच थरांत मिळालेल्या देशी खापरांस तीच मिती लागू झाली. तीं देशी खापरें जेथें जेथें आढळतील तेथें तेथें तिचा उजेड पोंचणार होता.

१९४७ सालीं म्हैसूर संस्थानांतील ब्रह्मगिरि येथें हा उजेड नेण्यांत आला. अशोकाच्या शिलालेखांमुळें प्रसिद्ध असलेल्या या ठिकाणीं एकावर एक तीन संस्कृति निघाल्या. सर्वांत खालीं दगडी कुऱ्हाडी वापरणाऱ्यांची, तिच्यावर लोखंड वापरणाऱ्या व शिलावर्तुळांत मृतांस पुरणाऱ्यांची, आणि वर सातवाहनकालीन. वरच्या थरांतील खापरांवरून खालच्या थरांकडे पायरीपायरीनें उतरतां आलें. दक्षिणेच्या प्राचीन इतिहासास पहिला कणा मिळाला तो येथें. त्याच सुमारास कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीवर रोमन बनावटीच्या ब्रांझच्या वस्तू, त्यांत समुद्रदेव पोसायडनची एक देखणी मूर्ति, मिळाल्या होत्या व सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनीं तेथें १९४५-४६ सालीं पद्धतशीर उत्खनन केलें होतें. अरिकमेडूच्या शोधानें अशा सर्व ठिकाणांस एका सूत्रांत गोंवण्याची सोय झाली.

पुढील संशोधनानें या कालगणनेंत मोठे फेरफार केले आहेत. कोळशाच्या किरणोत्सर्गावरून काळ काढण्याची रीति प्रचारांत आल्यावर दक्षिणेंतील दगडी कुऱ्हाडींची संस्कृति व्हीलर यांनीं मानल्यापेक्षां पुष्कळच मागें, इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या सहस्रकापर्यंत, गेली. शिलावर्तुळेंहि कित्येक शतकें मागें हटलीं. अरिकमेडूची वस्तीहि व्हीलर समजले त्याहून जुनी व दीर्घकाळ टिकलेली होती, असें १९८९ ते १९९२ च्या उत्खननांत दिसून आलें. थरांचा क्रम मात्र बदलला नाहीं. आंकडे चुकले, रीति टिकली.

(४) पूर्वसूरींचें देणें

व्हीलर यांनीं आपल्या आठवणींत आपल्यापूर्वींच्या खात्याचें जें चित्र रेखाटलें आहे तें वाचतांना महाराष्ट्रीय वाचकास खेद झाल्याविना राहत नाहीं. झोंपलेलें कार्यालय, निरुत्साही अधिकारी, आणि त्यांत वाऱ्यासारखा शिरलेला नवा सेनापति, असें तें चित्र आहे. खातें खिळखिळें झालें होतें हें खरें. १९३१ च्या सुमाराच्या काटकसरींत त्याची संशोधनशाखा जवळजवळ छाटली गेली होती, आणि १९३८-३९ सालीं पाहणीस आलेल्या सर लिओनार्ड वुली यांनींहि कडक टीका केली होती. पण पैसा व माणसें काढून घेतल्यावर उरलेल्यांच्या माथीं आळसाचा दोष मारणें न्यायाचें नव्हे.

व्हीलर यांच्यापूर्वींचे डायरेक्टर-जनरल रावबहादुर काशिनाथ नारायण दीक्षित हे मूळचे पंढरपूरचे. १९२४-२५ च्या हंगामांत मोहेंजोदारो येथें त्यांनीं खणलेला विभाग अद्यापि त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'डी. के.' म्हणून ओळखला जातो. बंगालमधील पहाडपूरच्या विशाल विहाराचा अहवाल त्यांचाच. आणि १९४० ते १९४४ या काळांत, युद्धाच्या धामधुमींत व पैशाच्या टंचाईंत, त्यांच्याच कारकिर्दींत अहिच्छत्र येथें थरवार उत्खनन होऊन गंगेच्या खोऱ्यांतील मृत्पात्रांची क्रमवारी लावण्याचा पाया घातला गेला. चित्रित करड्या रंगाचीं जीं खापरें पुढें लाल यांनीं हस्तिनापुरांत निघालेल्या थरांशीं जोडून दाखविलीं, तीं प्रथम अहिच्छत्रांतच ओळखूं आलीं. हें काम 'एन्शंट इंडिया' या व्हीलर यांनींच काढलेल्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकांत १९४६ सालीं प्रसिद्ध झालें, ही गोष्ट त्यांच्या पदरीं जमा धरली पाहिजे. त्याच सालीं दीक्षित निवर्तले. नव्या शिस्तीचें श्रेय व्हीलर यांस निःसंशय आहे. परंतु ते ओसाड माळावर येऊन उभे राहिले नव्हते, हें आमच्या लोकांनीं तरी विसरूं नये.

(५) दूरचित्रवाणीवरील व्हीलर

१९४८ सालीं व्हीलर मायदेशीं परतले. १९५२ मध्यें त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षीं बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीवर 'ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?' या नांवाचा कार्यक्रम सुरू केला. त्याची कल्पना अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या एका कार्यक्रमावरून घेतली होती. रचना अगदीं साधी. एखादें संग्रहालय आपल्या कोठारांतून कांहीं विचित्र वस्तू पाठवी. तीन तज्ज्ञ मेजाशीं बसत. वस्तु हातीं येई. ती काय, कोठली, केव्हांची, हें त्यांनीं सर्वांदेखत विचार करून सांगावयाचें. मध्यस्थाच्या जागीं बहुधा केंब्रिजचे ग्लिन डॅनियल असत व खरें उत्तर त्यांच्यापाशीं असे. हा खेळ १९५९ पर्यंत चालला.

यांत लोकांस इतकें आकर्षण कशाचें होतें? आमच्या मतें उत्तराचें नव्हे, उत्तर शोधण्याच्या रीतीचें. व्हीलर वस्तु उलटीसुलटी करीत, तिच्या कडा चाचपीत, झीज कोठें झाली आहे तें पाहत, 'हें नव्हे, तेंहि नव्हे' असें एकेक पर्याय गाळीत शेवटीं निर्णयास येत. कधीं बरोबर येत, कधीं चुकत. विद्वान विचार कसा करतो, हें घरबसल्या पाहावयास मिळण्याची लाखों लोकांस ही पहिलीच संधि होती. आणि विद्वान चुकतो व हंसून चूक कबूल करतो, हेंहि त्यांनीं प्रथमच पाहिलें. ज्यांनीं संग्रहालयाची पायरी कधीं चढली नव्हती अशा घरांतून खापरांविषयीं गप्पा होऊं लागल्या.

याच्या जोडीस १९५४ पासून 'बरीड ट्रेझर' ही दुसरी मालिका आली. डेन्मार्कच्या दलदलींत सांपडलेल्या टोलुंड येथील प्राचीन पुरुषाच्या पोटांतील अन्नाची परीक्षा झाली होती. त्यावरून तशीच धान्यांची व बियांची पेज तयार करून व्हीलर व डॅनियल यांनीं ती पडद्यावर चाखली. ती इतकी बेचव निघाली कीं, बायकोच्या हातच्या या स्वयंपाकाला कंटाळूनच त्या बिचाऱ्यानें मरण पत्करलें असावें, अशा अर्थाचा विनोद व्हीलर यांनीं केला. प्रेक्षक हंसले, आणि हंसतां हंसतां दोन हजार वर्षांपूर्वींचा माणूस काय खात असे हें शिकले. आपण वस्तूंच्या नव्हे, तर माणसांच्या शोधांत आहों, हें व्हीलर यांचें आवडतें सूत्र त्या एका वाटीभर पेजेनें जितकें पटविलें तितकें दहा व्याख्यानांनीं पटलें नसतें.

(६) लढाईचा मोह

येथवर स्तुति झाली. आतां दुसरी बाजू. ज्या वक्तृत्वानें व कल्पकतेनें त्यांस लोकप्रिय केलें, तेंच त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रमादाचें कारण झालें.

१९४६ सालीं हडप्पा येथें व्हीलर यांस विटांची प्रचंड तटबंदी आढळली. ऋग्वेदांत इंद्रास 'पुरंदर' म्हणजे पुरें फोडणारा म्हटलें आहे, हें पुरंदर किल्ल्याच्या नांवामुळेंहि आमच्या लोकांस परिचित आहे. तीं पुरें कोणतीं, याचें उत्तर आपणांस सांपडलें असें व्हीलर यांस वाटलें. मोहेंजोदारोच्या वरच्या थरांत गल्ल्यांतून व घरांतून पूर्वीं मिळालेले मानवी सांगाडे त्यांनीं या तटाशीं जोडले, आणि आर्यांच्या अखेरच्या हल्ल्यांत नगरवासीयांची कत्तल झाली असावी, परिस्थितिजन्य पुराव्यावरून आरोपी इंद्र ठरतो, असा निकाल दिला. हें वाक्य इतकें चटकदार होतें कीं, तें शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोंचलें.

१९६४ सालीं जॉर्ज डेल्स यांनीं तो पुरावा पुन्हां तपासला. सुमारें ३७ व्यक्तींचे ते अवशेष एकाच काळचे असल्याचें सिद्ध होत नाहीं, ते एका थरांतील नाहींत, लढाईचीं शस्त्रें अगर जळालेला कोट यांचा मागमूस नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. पुढें केनेथ केनेडी यांनीं हाडांची परीक्षा केली, तेव्हां मृत्यूस कारण होईल अशी जखम अपवादादाखलच आढळली. कत्तल झाली नव्हती. थरांचा कांटेकोरपणा जगास शिकविणारा गुरु निराळ्या थरांतील सांगाडे एका दिवसाच्या लढाईंत उभे करून बसला होता!

हा अपघात नव्हता, असें आमचें मत आहे. मेडन कॅसलच्या पूर्वदरवाजापाशीं मिळालेल्या दफनांवरूनहि व्हीलर यांनीं रोमन सैन्याच्या हल्ल्याचें असेंच थरारक वर्णन केलें होतें. १९८५-८६ सालीं तेथें पुन्हां उत्खनन झाल्यावर तें सर्व एका दिवसाच्या युद्धाचें फळ नव्हे, असें दिसून आलें. दोन महायुद्धें पाहिलेल्या सेनानीस तट दिसला कीं वेढा दिसे, सांगाडा दिसला कीं शत्रु दिसे. दूरचित्रवाणीच्या खेळांत त्यांची चूक सुधारण्यास समोर ग्लिन डॅनियल उत्तर घेऊन बसलेले असत. टेकाडावर तसा मध्यस्थ कोणी नसतो. तेथें आपल्या आवडत्या कथेविरुद्ध आपणच उभें राहावें लागतें, आणि हें काम उत्तम वक्त्यास सर्वांत कठीण जातें.

यावरून कोणी असें म्हणेल कीं, संशोधकानें लोकांपुढें जाऊंच नये. आम्हांस हें मान्य नाहीं. व्हीलर यांची चूक लोकांपुढें बोलण्यांत नव्हती. अनुमानास निकालाचें रूप देण्यांत होती. आणि ती चूक उघडकीस आली ती त्यांनीं पुरस्कारलेल्या शास्त्राच्याच बळावर. डेल्स यांनीं व्हीलर यांच्याविरुद्ध वापरलेलें हत्यार व्हीलर यांच्याच शस्त्रागारांतील होतें.

(७) दायमाबादचा धडा

फाळणीमुळें हडप्पा, मोहेंजोदारो व तक्षशिला हीं तिन्ही स्थळें पाकिस्तानांत गेलीं. व्हीलर यांच्या हिंदी शिष्यांस गंगा, घग्गर, साबरमती, गोदावरी यांच्या कांठीं नवी जमीन शोधावी लागली, आणि ती त्यांनीं शोधली. महाराष्ट्रांत सांकलिया व त्यांचे सहकारी यांनीं नाशिक, जोर्वे, नेवासें, इनामगांव येथें ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचीं घरें उघडीं केलीं. प्रवरेच्या कांठचें दायमाबाद १९५८-५९ सालीं म. न. देशपांडे यांनीं खणलें. तक्षशिलेची शिस्त अशा रीतीनें आमच्या काळ्या मातींत उतरली.

याच दायमाबादला १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झाडाचें खोड उपटतांना ब्रांझच्या चार वजनदार मूर्ति मिळाल्या : बैलांचा रथ व त्यावरील पुरुष, हत्ती, गेंडा व रेडा. महाराष्ट्राच्या भूमींतून याहून आश्चर्यकारक वस्तू क्वचितच निघाल्या असतील. परंतु त्या कोणत्या थरांतून निघाल्या, याची चिठ्ठी नाहीं. कित्येक विद्वान त्या उत्तर-हडप्पा काळच्या मानतात. धातूंतील सोमलाच्या प्रमाणावरून कित्येकांनीं शंका घेतली आहे. पुढें तेथें विस्तृत उत्खनन झालें तरी त्या एका दिवसाची भरपाई होऊं शकली नाहीं. तीं मितीवांचूनचीं पत्रें आहेत. अस्सल, अमोल, आणि अर्ध्या साक्षीचीं.

यांत त्या शेतकऱ्याचा दोष नाहीं. मातीलाहि लेख असतो हें त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें. आमच्या प्रत्येक जुन्या गांवास काळी व पांढरी असते. पांढरीची माती घरें लिंपण्यास, विटांस व शेतांत टाकण्यास गाड्या भरभरून नेली जाते, आणि तिच्याबरोबर खापरें, मणी, चुली, माणसांचीं हाडें नाहींशीं होतात. आतां तर गाड्यांच्या जागीं यंत्रें आलीं आहेत. एखाद्या खेड्याची तीन हजार वर्षांची बखर दोन दिवसांत नाहींशी होते, आणि ती वाचूं शकणारे आम्ही शहरांत बसून एकमेकांसाठीं त्रैमासिकें छापतों. कायद्यानें कांहीं स्थळांचें रक्षण होईल. सर्व पांढऱ्यांवर पहारे बसवितां येणार नाहींत. त्यांचा खरा राखणदार गांवचाच माणूस, आणि त्यास राखण करावीशी वाटेल ती त्याला त्या मातींतील माणूस दिसल्यावरच.

व्हीलर यांचें सर्वांत मोठें ऋण आम्ही येथें मानतों. त्यांनीं दोन कामें एका हातानें केलीं : संशोधकास मातीपुढें नम्र व्हावयास शिकविलें, आणि लोकांस मातीविषयीं कुतूहल धरावयास शिकविलें. पहिल्या कामांत ते स्वतः कधीं कधीं उणे पडले, दुसऱ्यांत क्वचितच. त्यांच्या चुका दुरुस्त करण्याचें काम पुढील पिढ्यांनीं केलें आहे. त्यांचें दुसरें काम मात्र आमच्या प्रांतांत अद्यापि बहुतांशीं व्हावयाचें आहे, आणि पांढरीवर यंत्र चालू असतां त्यास फार वेळ उरलेला नाहीं.